'हेच' म्हणेपर्यंत

आमच्या वादसभेचा एक नियम आहे. जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही, कारण तो ग्रंथपाल सरांनी स्वतःच्या डोक्यातून काढलाय आणि सरांसारखं डोकं देवाने (असलाच तर) एकच बनवलंय. नियम असा, की समोरच्याचा मुद्दा खोडायचा असेल तर आधी तो मुद्दा आपण आपल्या तोंडाने मांडायचा. तोसुद्धा असा, की समोरच्याने ऐकून "हेच!" म्हटलं पाहिजे. तो "हेच" म्हणत नाही तोवर खोडायला परवानगी नाही. संधी तीन. तिन्ही हुकल्या की गुपचूप खाली बसायचं.

तिसऱ्या संधीच्या आधी समोरच्याला एक प्रश्न विचारता येतो. पण तो कोणी विचारत नाही. प्रश्न विचारला म्हणजे मला कळलं नाही असं सगळ्यांसमोर कबूल केलं, आणि तेवढ्यासाठी वादसभेत कोण येतं?

मी तर मुळीच नाही! मला सगळे लवंगी म्हणतात. उंची कमी, तिखटपणा जास्त. हा तिखटपणा मात्र नवा आहे हं. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा माझा घसा कोरडा पडायचा. मला वादसभेत ढकललं शिडीने. शिडी म्हणजे माझी जिवलग मैत्रीण. वाचनालयातल्या सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक तिला स्टुलाशिवाय काढता येतं, म्हणून शिडी. तिने मला न विचारता माझं नाव यादीत लिहिलं, आणि मी मागच्या दाराने सटकत होते तेव्हा दप्तराचा पट्टा धरून मला मागे ओढलं. त्या दिवशी मी चार मिनिटं बोलले. लोक हसले, टाळ्या वाजल्या. झालं! तेव्हापासून माझं तोंड म्हणजे चावी तुटलेला नळ.

नवी सुरी हातात आली की माणूस दिसेल ते कापत सुटतो. मी शिडीलाच कापलं.

झालं असं. शिडीची आई रुग्णवाहिका चालवते. आमच्या वर्गाची खिडकी मोठ्या रस्त्यावर उघडते, त्यामुळे दिवसातून दोनतीनदा सायरन ऐकू येतो. सायरन आला की शिडी जिथे असेल तिथे थांबते, डोळे मिटते, ओठ हलवते आणि पुन्हा कामाला लागते. मला हे पहिलीपासून माहीत आहे. त्या दिवशी मोकळा तास होता, सगळा वर्ग माझ्या बाकाभोवती जमला होता आणि मी एकापेक्षा एक विनोद फेकत होते. तेवढ्यात सायरन वाजला. शिडीने डोळे मिटले. आणि मी मोठ्याने म्हणाले, "अगं शिडे, सायरन एवढा बोंबलतोय, वर ऐकू गेलंच असेल की! तू कशाला परत सांगतेस?"

वर्ग खो खो हसला. माझ्या आयुष्यात माझ्या वाक्यावर एवढं मोठं हसू त्याआधी कधी आलं नव्हतं. शिडीने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आपलं दप्तर उचललं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

त्याला वादसभेच्या अंतिम फेरीच्या शुक्रवारी बरोबर अकरा दिवस झाले होते. अकरा दिवस अबोला! मी चिठ्ठ्या पाठवल्या, पेन्सिल मागितली, तिच्यासमोर मुद्दाम धडपडले. काही नाही. "सॉरी" तेवढं म्हटलं नव्हतं, कारण मला वाटायचं, मी चुकीचं काय बोलले? विनोद तर बरोबरच होता. ऐकणारा कोणी असेल तर त्याला सायरन ऐकू येणारच ना?

आणि अशात सरांनी फळ्यावर विषय लिहिला: प्रार्थनेने काही बदलतं का?

"या विषयावर भाड्याचं मत चालणार नाही," सर म्हणाले. "एरवी मी चिठ्ठी टाकून बाजू देतो. या वेळी ज्याचं जे खरं असेल तेच त्याने बोलायचं. एक बाजू मानणाऱ्यांची, एक न मानणाऱ्यांची. जोड्या मात्र चिठ्ठीने. जो अंतिम फेरी जिंकेल तो आंतरशालेय स्पर्धेला जाईल. आणि कोणी कोणाच्या श्रद्धेला हसलं किंवा कोणाच्या शंकेला पापी ठरवलं, तर ही घंटी मी त्याच्या डोक्यावर वाजवेन."

न मानणाऱ्यांतून मी अंतिम फेरीत आले. मानणाऱ्यांतून कोण आलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच.

आदल्या संध्याकाळी मी घरी येरझाऱ्या घालत मुद्दे पाठ करत होते. बाबा जमिनीवर बसून हाताचं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसत होते. ते लिफ्ट दुरुस्त करतात. आई रोज सकाळी पाच मिनिटं प्रार्थना करते आणि बाबा कधीच करत नाहीत. त्यांचं म्हणणं, लिफ्टच्या दोराला प्रार्थना कळत नाही, ग्रीस कळतं. पण आईच्या त्या पाच मिनिटांत ते रेडिओ बंद ठेवतात आणि दाराची बेल वाजायच्या आत दार उघडतात.

"बाबा, तुम्ही दोघं यावरून कधी भांडला नाहीत?"

"भांडलो ना. लग्नाच्या पहिल्या वर्षी. मी हरलो."

"म्हणजे आईचं पटलं तुम्हाला?"

"छे! ती म्हणाली, मी पाच मिनिटं गप्प बसते तेवढीच तुम्हाला शांतता मिळते, ती का घालवताय? यावर काय बोलणार?"

आतून आई ओरडली, "आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला धीर देताना तुम्ही देवाचं नाव घेता हे सांगा तिला!"

"ते आतला माणूस घेतो, मी फक्त हो ला हो म्हणतो," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुझ्या शिडीचं काय म्हणणं आहे?"

"मला माहितीय तिचं म्हणणं. दहा वर्षं ओळखते मी तिला."

"मग ठीक," बाबा म्हणाले आणि फडकं झटकलं.

शुक्रवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. लोखंडी कपाटं भिंतीला सरकवलेली, मुलं खिडक्यांच्या कट्ट्यांवर, दोन मुली चक्क कपाटांच्या चाकवाल्या लाकडी शिडीवर. परीक्षक दोघं. भौतिकशास्त्राच्या बाई, ज्या प्रयोगशाळेत शिरताना उंबऱ्यावर क्षणभर हात जोडतात, आणि गणिताचे सर, ज्यांना आजवर कोणी हात जोडताना पाहिलेलं नाही, अगदी मुख्याध्यापिकांनासुद्धा! मी जागच्या जागी उड्या मारत होते. भीतीने नाही. मजेने! मला जिंकायचं होतं आणि जिंकल्यावर शिडीला माझ्याशी बोलावंच लागेल, निदान अभिनंदन तरी करावं लागेल, असा माझा हिशेब होता.

शिडी आधी बोलली. चार मिनिटं, संथ, हातात कागद नाही. ती स्वतःबद्दल एक अक्षर बोलली नाही. प्रार्थनेमुळे माणूस नम्र होतो, आपल्या हातात सगळं नाही हे त्याला कळतं, ज्याला हे कळतं तो दुसऱ्याला कमी त्रास देतो, असं काही. "दुसऱ्याला कमी त्रास देतो" म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते न बघणं बघण्यापेक्षा जास्त टोचलं.

टिंग! माझी पाळी.

मी ऐटीत पुढे गेले. "माझ्या प्रतिस्पर्ध्याचं म्हणणं असं," मी म्हणाले, "की आपण मनापासून मागितलं तर मिळतं. उदाहरणार्थ, एखाद्या मुलीची आई रोज धोक्याचं काम करते. मुलगी प्रार्थना करते, आई संध्याकाळी सुखरूप घरी येते. तिच्या मते, हे प्रार्थनेमुळे." आणि मी तिच्याकडे वळले. खात्रीच होती.

"नाही," शिडी म्हणाली.

अकरा दिवसांनंतर तिने माझ्याशी बोललेला पहिला शब्द! आणि तो "नाही"!

मागून कोणीतरी "लवंगी फुसकी निघाली" म्हणालं. सरांनी चष्म्यावरून त्या दिशेला बघितलं. कोणी मुद्दाम "नाही नाही" करत बसलं तरी सर असंच बघतात, पण शिडीकडे त्यांनी तसं बघितलं नाही. म्हणजे ती खरं बोलत होती.

"बरं," मी म्हणाले. दुसरा मुद्दा माझ्याकडे तयार होता, आणि तो मला फार समंजस वाटायचा. "तिचं म्हणणं असं, की बाहेर काही बदलत नाही, आत बदलतं. प्रार्थनेने मन शांत होतं. काळजी कमी होते. एक प्रकारचं औषधच. याला माझी काही हरकत नाही!"

"नाही," शिडी म्हणाली. आणि मग, नियमात नसताना, पुढे म्हणाली, "ते तर दहापर्यंत आकडे मोजूनही होतं. आणि माझं मन शांत होत नाही. उलट जास्त धडधडतं."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिचं मन धडधडतं? दहा वर्षं मी तिच्या शेजारी बसले होते. ती डोळे मिटायची तेव्हा मी तिचा डबा उघडून आत काय आहे ते बघायचे, किंवा वहीत तिचं चित्र काढायचे. त्या मिटलेल्या डोळ्यांमागे काय चाललंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि अकरा दिवसांपूर्वी त्याच्यावर विनोद केला होता! ज्या गोष्टीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं तिच्यावर!

माझे कान तापले. समोर घड्याळ होतं. माझ्या चार मिनिटांतली दोन गेली होती.

"सर," मी म्हणाले, "मला प्रश्न विचारायचाय."

ओळीच्या ओळी कुजबुजायला लागल्या. सरांनी नुसती मान हलवली.

मी शिडीसमोर जाऊन उभी राहिले. मान वर करावी लागली, तिच्याशी बोलताना नेहमीच करावी लागते. "सायरन वाजतो तेव्हा तू काय म्हणतेस?"

तिने खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या घड्याळातले सेकंद असे वाहून जात होते आणि पहिल्यांदाच मला त्यांचं काही वाटत नव्हतं.

"आईसाठी काही म्हणत नाही," ती शेवटी म्हणाली. "आईला गाडी चालवता येते. आत जो झोपलेला असतो त्याच्यासाठी. मला त्याचं नाव माहीत नसतं. आई म्हणते, बरेचदा तिलाही माहीत नसतं. मी म्हणते, याला एकटं सोडू नकोस. एवढंच."

"आणि मग तो वाचतो?"

"एकच प्रश्न!" सर म्हणाले.

पण शिडीने उत्तर दिलंच. "कधी वाचतो, कधी नाही. मला कळतसुद्धा नाही. मी तेवढं मागितलेलंच नसतं."

माझ्याकडे एकच संधी उरली होती. मी परीक्षकांकडे वळलेच नाही. तिच्याचकडे बघत म्हणाले, "तुझं म्हणणं असं. प्रार्थना म्हणजे मागणी नाही, सौदा नाही, आणि औषध तर नाहीच. रस्त्यावरून एक अनोळखी माणूस फार मोठ्या संकटातून चाललाय. तुझ्या हातात करण्यासारखं काहीच नाही. पण ऐकणारा आहे, अशी तुझी खात्री आहे. त्याला सगळं आधीच माहीत असेल, तरी तू सांगतेस, कारण त्या माणसाच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं. तो काय करेल हे तुला माहीत नाही. ते माहीत नसतानाच बोलायचं, म्हणून छातीत धडधडतं."

शिडीचे डोळे भरले होते की खिडकीतलं ऊन पडलं होतं, मी सांगू शकत नाही.

"हेच," ती म्हणाली.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! खिडकीच्या कट्ट्यावरून एक मुलगा खाली पडला. आणि त्या गलक्यात मी बोलून गेले, "आणि शिडे, त्या दिवशी मी जे बोलले ते वाईट होतं. मी चुकले. सगळ्यांच्या देखत बोलले, म्हणून सगळ्यांच्या देखत सांगते."

टिंग! "विषय सोडून वैयक्तिक बोलणे," सर म्हणाले. "दोन गुण वजा." आणि वहीत लिहिलं. पण लिहिताना ते हसत होते, शपथ.

मला खोडायला पन्नास सेकंद उरले होते. आणि गंमत बघा, आता मला खोडावंसं वाटत होतं! आधी वाटायचं त्याहून जास्त! कारण आता समोर खरी गोष्ट होती, मी शेणामातीचा बनवलेला बाहुला नव्हता.

"मग माझी शंका ऐक," मी म्हणाले. "हीच गाडी इथून पुढे जाते. पुढच्या रस्त्यावर खिडकीत कोणीच नाही. डोळे मिटणारं कोणी नाही. त्या रस्त्यावर आतला माणूस एकटा असतो का? ऐकणारा तिथेही असेल, तर तुझ्या बोलण्याने काय बदललं? आणि तू बोललीस म्हणूनच तो आला, तर ज्यांच्यासाठी कोणीच बोलत नाही त्यांनी काय करायचं? असा ऐकणारा मला न्यायी वाटत नाही. मला तो सापडतही नाही. मी शोधलंय."

टिंग!

शेवटचे दोन शब्द मी ठरवून बोलले नव्हते. ते मी आईबाबांनाही कधी सांगितले नव्हते.

आता शिडीला माझा मुद्दा मांडायचा होता. ती उभी राहिली.

"हिचं म्हणणं, देव नाही."

"नाही," मी म्हणाले. "मी तसं म्हटलेलं नाही. मला तो सापडत नाही, असं म्हटलं."

गणिताचे सर पहिल्यांदाच पुढे सरकून बसले.

शिडीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, जसं एखादं अवघड गणित बघतात. मग म्हणाली, "हिचं म्हणणं असं. ऐकणारा असता तर हिला फार बरं वाटलं असतं. पण बरं वाटणं म्हणजे खरं असणं नव्हे, हे हिला कळतं. हिने रात्री उशीत तोंड खुपसून एकदोनदा हाक मारून पाहिली असेल आणि काही ऐकू आलं नसेल. म्हणून ही हात जोडत नाही. तो उद्धटपणा नाही. जे आत नाही ते बाहेर दाखवायचं नाही, एवढंच. आणि हिला त्या माणसांची काळजी वाटते ज्यांच्यासाठी कोणीच बोलत नाही. ती काळजी ही देवावर सोडून मोकळी होऊ शकत नाही, म्हणून ती हिची हिलाच वाहावी लागते."

एकदोनदा नाही, तीनदा. पण तेवढं सोडलं तर शब्दन् शब्द! मला माझं म्हणणं इतकं चांगलं कधी सांगता आलं नसतं. मी तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. लवंगीचा आवाज! शेवटी मी मान एवढ्या जोराने हलवली की केसांची पिन उडाली.

"मानेने चालत नाही," सर म्हणाले.

"हेच," मी म्हणाले. घोगरा आला, पण आला.

मग तिने माझ्या मोकळ्या रस्त्याचं उत्तर द्यायला सुरुवात केली, दोन वाक्यांत अडखळली, पुन्हा सुरुवात केली आणि सरळ म्हणाली, "याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. म्हणून मी प्रार्थना सोडणार नाही, पण उत्तर आहे असं खोटंही सांगणार नाही." आणि दीड मिनिट शिल्लक असताना खाली बसली. भौतिकशास्त्राच्या बाईंनी पेन खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

निकाल लागला. शिडी एकाहत्तर, मी सत्तर.

म्हणजे ते वजा झालेले दोन गुण नसते तर मी जिंकले असते! वर्गातल्या चौघांनी मला लगेच हे हिशेब करून सांगितलं. मी म्हटलं, कळतंय, मलाही वजाबाकी येते. वाईट वाटलं का? वाटलं ना. आंतरशालेय स्पर्धेचं मी स्वप्न बघितलं होतं. पण वाईट वाटत असतानाच माझ्या पायांना नाचावंसं वाटत होतं, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी कशा होतात हे मला अजून कळलेलं नाही.

आम्ही अंतिम फेरीवाले म्हणून खुर्च्या रचायचं काम आमच्याकडेच होतं. सगळे गेले. मी एका टोकाने रचत होते, ती दुसऱ्या टोकाने. मध्ये पोहोचलो तेव्हा आमच्यात फक्त एक खुर्ची उरली. दोघींनी एकदमच तिला हात घातला.

"मठ्ठ," शिडी म्हणाली. "घंटी वाजल्यावर सॉरी म्हणायचं ना! दोन गुण वाचले असते."

"घंटी वाजल्यावर सगळे टाळ्या वाजवतात. तुला ऐकू आलं नसतं."

"मला कळलं असतं."

"कसं?"

"तुझे कान लाल होतात."

मी खुर्ची सोडली, तिनेही सोडली, आणि ती आमच्या दोघींच्या पायांवर पडली. आम्ही इतक्या हसलो की ग्रंथपाल सर आत डोकावून गेले.

"स्पर्धेला समोरचा कोणीतरी तुझाच प्रश्न विचारणार," पायाचा अंगठा चोळत शिडी म्हणाली. "तो मोकळा रस्ता. मला तयारी करायला हवी. उद्यापासून रोज शाळा सुटल्यावर तू माझ्यासमोर उभं राहायचंस आणि मला अडवायचंस."

"रोज?"

"रोज. आणि सौम्य वगैरे होऊ नकोस. मला दया नकोय."

"दया? तुझ्यावर? शिडे, मी तुला असं अडवेन ना—"

"थांब," ती म्हणाली आणि जमिनीवरची खुर्ची उचलून तिच्यावर बसली. "उद्या कशाला? आत्ताच सुरू कर. त्या रस्त्यावर कोणीच नाही असं तू म्हणालीस. पण गाडी कोण चालवतंय, हे धरलंस का तू?"

मी रचलेल्या खुर्च्यांतून वरची एक काढली, तिच्या समोर ठेवली आणि बसले.

"चांगलं आहे," मी म्हणाले. "पण पुरेसं नाही. आता ऐक!"